तापमानाशेजारी अतिनील निर्देशांकही छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात एका लग्नात पाहुण्यांनी आधी माझ्या धाकट्या भावाच्या पायाला हात लावला, मग माझ्या. त्यांना तोच थोरला वाटला. मी ६४ वर्षांचा, तो ५९ वर्षांचा. मी जन्मभर शाळेच्या छपराखाली विज्ञान शिकवलं, त्यानं वावर सांभाळलं.

दुसऱ्या दिवशी तो न्हाणीपाशी बसला असताना मी नीट पाहिलं. मान जाड, चामड्यासारखी, आडव्याउभ्या रेघांनी चिरलेली. दंडाची आतली बाजू मात्र मऊ, एक सुरकुती नाही. माणूस तोच, वय तेच. मग मानेलाच 'वय झालं' कसं म्हणायचं?

उन्हातले अतिनील किरण पेशीतल्या डीएनएच्या साखळीत शेजारशेजारचे थायमिन नावाचे दोन घटक एकमेकांना चिकटवून टाकतात. पेशी तो बिघडलेला तुकडा कापून काढते आणि समोरच्या साखळीवरून बघून नवा भरते. ही दुरुस्ती उलगडून दाखवणारे अझीझ संजार यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल लिंडाल आणि मॉड्रिच यांच्यासोबत मिळालं. काही मुलांत ही दुरुस्ती जन्मतःच अधू असते. त्यांची कातडी कोवळ्या वयातच म्हाताऱ्यासारखी होते, कर्करोगही होतो. आपली दुरुस्ती चालू असते, पण रोजचा मार मोठा असला की काही बिघाड राहून जातात आणि वर्षानुवर्षं साचतात. अतिनील किरणांनी डीएनए बिघडतो, हे मी किती वर्गांना फळ्यावर काढून दाखवलं! घरात भावाला एकदाही सांगितलं नाही, याची फार खंत वाटते.

आमच्याकडे ऊन म्हणजे मे महिना, नवतपा. तेव्हा सगळेच दुपट्टा बांधतात. सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) होऊन कापसाची वेचणी लागली की हवा गार असते, म्हणून पुरुषांचा दुपट्टा घरी खुंटीवर राहतो आणि दिवसभर वाकलेली मान उघडी पडते. पण गारव्याचा आणि या किरणांचा संबंध नाही. पारा दुपारी तीनच्या सुमारास चढतो, अतिनील किरण मात्र सूर्य डोक्यावर असताना सर्वांत तीव्र असतात.

म्हणून विनंती आहे, आपल्या पानावर रोजच्या तापमानाशेजारी अतिनील निर्देशांकही, म्हणजे या किरणांची तीव्रता सांगणारा आकडा, छापावा. ३ किंवा त्याहून वर गेला की अंग झाकायचं, ११ पासून तो अतितीव्र, एवढी एक ओळ खाली पुरे. ज्यांच्याकडे पेपर येत नाही त्यांच्यासाठी हेही छापा: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की मान झाका. वेचणी लागायच्या आत हे सुरू झालं तर फार बरं होईल.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
ता. राळेगाव, जि. यवतमाळ