चिठ्ठी न विचारता मिळणारी 'गोरं करायची' ट्यूब

संपादक साहेब, नमस्कार.

पोट्ट्यापोट्टींच्या पिंपल्सबद्दल लिहितोय, विषय फालतू वाटत असेल तर लग्न जमवायला बसलेल्या घरात विचारून पहा. पिंपल बसून जाते पण सावळ्या कातडीवर काळा डाग महिनोन्महिने राहते, कारण सूज आली की आपल्या कातडीत मेलॅनिन (कातडीला रंग देणारं द्रव्य) जास्त तयार होते, ती काही घाण नाही अन् घासून जात नाही, उलट लिंबू-सोडा चोळला तर डाग आणखी गडद. मग पोरं मेडिकलवर जातात, तिथं चिठ्ठी न विचारता स्टेरॉईडवाली ट्यूब भेटते. सुरुवातीला चेहरा असा चमकते की विचारू नका! नंतर कातडी पातळ, लाल, पोरींना गालावर लव, अन् ट्यूब सोडली की पिंपल्स पुन्हा जोरात. 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी 14 स्टेरॉईड मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत घेतली, पण इकडं तपासते कोण? अन्न व औषध प्रशासनानं तालुक्याच्या दुकानांत कधीतरी फिरावं.

बेंझॉईल पेरॉक्साईड, रात्रीचं अडापलीन (गरोदर बायांनी नाही), डागांसाठी अझेलाईक अ‍ॅसिड, ही औषधं आहेत, पण फरक पडायला दोन-तीन महिने लागतात अन् ऊन टाळलं नाही तर डाग हटत नाही. कपाशी वेचणाऱ्या पोरीला सनस्क्रीन कुठून परवडणार, तिनं निदान तोंडाला दुपट्टा बांधावा. उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी कातडीचा डॉक्टर बसवा, एवढीच मागणी.

एक वाचक, जि. यवतमाळ