‘प्रदत्त मतां’चा रकानाही छापा

माननीय संपादक,

अटीतटीचा निकाल लागला की ‘एका मताची किंमत’ अशी चौकट वर्तमानपत्रांत हमखास येते. २००८ साली राजस्थानातल्या नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी ६२,२१५ मतांवर अडकले आणि भाजपचे कल्याणसिंह चौहान ६२,२१६ मते घेऊन आमदार झाले. जोशी तेव्हा काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष होते. त्याआधी, २००४ मध्ये, कर्नाटकातल्या संतेमरहळ्ळीत ए. आर. कृष्णमूर्ती असेच एका मताने पडले. हे सगळे सांगून झाले की शेवटी मतदाराचे कान उपटले जातात : बघा, घरी बसलात की काय होते! कान दर वेळी मतदाराचेच का, एवढेच मला विचारायचे आहे. इतक्या थोडक्या फरकात मोजणीचे नियम कसे चालतात, यावर त्या चौकटीत एक ओळ नसते. ‘प्रदत्त मतां’वर, म्हणजे आपल्या नावाने आधीच कुणी मत देऊन गेल्यावर खऱ्या मतदाराने कागदावर दिलेल्या मतांवर, तर नसतेच.

एका वस्तीत एका पक्षाचे, पलीकडच्या इमारतींमध्ये दुसऱ्याचे, वर दोन्हीकडून एकेक बंडखोर. अशा मिश्र मतदारसंघात घासून निकाल लागतो तो योगायोगाने नव्हे. २०२४ च्या विधानसभेला मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला, साकोलीचा २०८ मतांनी, बेलापूरचा ३७७ मतांनी. मोजणारी माणसे सगळीकडे सारखीच, टेबले तीच, चुकाही साधारण तेवढ्याच. एकतर्फी मतदारसंघात शंभरेक मतांचा घोळ कुणी विचारत नाही. इथे तेवढ्यावर आमदारकी जाते.

त्याच वर्षी लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिममध्ये काय झाले ते वाचकांना आठवत असेल. यंत्रांवरच्या मतांत अमोल कीर्तिकर रवींद्र वायकर यांच्यापेक्षा एका मताने पुढे होते. टपाली मते मिळवल्यावर वायकर ४,५२,६४४ आणि कीर्तिकर ४,५२,५९६, म्हणजे ४८ मतांनी वायकर विजयी. त्यानंतर आठवडाभर चर्चा चालली ती मोजणी केंद्रातल्या मोबाइल फोनची आणि ‘नोटा’ची. ‘नोटा’ला तिथे १५ हजारांच्या वर मते पडली, हे खरे, पण ती चूक नव्हे, मतदाराने विचार करून दाबलेले बटण आहे. ‘नोटा’ची मते फरकापेक्षा जास्त होती म्हणून हळहळण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. कीर्तिकरांच्या निवडणूक याचिकेत प्रदत्त मतांचाही मुद्दा होता. उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये याचिका फेटाळली आणि तो मुद्दा वर्तमानपत्रांतूनही गेला.

निवडणूक ड्युटी केलेल्यांना हे मत ‘टेंडर व्होट’ म्हणून माहीत असते. मतदार रांगेत उभा राहून आत येतो. बोटावर शाई नसते, ओळखपत्र बरोबर असते, पण यादीत त्याच्या नावावर आधीच खूण झालेली असते. कुणीतरी त्याच्या नावाने मत देऊन गेलेले असते. केंद्राध्यक्ष त्याला चार प्रश्न विचारतात. उत्तरे पटली तरी त्याला यंत्राकडे जाता येत नाही. त्याची वेगळ्या नमुन्यावर सही घेतात आणि मागे ‘प्रदत्त मतपत्रिका’ असा शेरा असलेली कागदी मतपत्रिका त्याच्या हातात देतात. तो आडोशाला जाऊन शिक्का मारतो, घडी घालतो आणि परत आणून देतो. केंद्राध्यक्ष ती एका पाकिटात ठेवतात. मतदार समाधानाने घरी जातो. मी शिक्षक असताना या ड्युट्या केल्या आहेत. हे पाकीट मोजणीच्या टेबलावर उघडायचेच नाही असा नियम आहे, हे त्या माणसाला सांगायचे धाडस होत नाही. सांगणार तरी काय?

त्या मताला पुढे वाट एकच, उच्च न्यायालयाची. निकालापासून ४५ दिवसांत निवडणूक याचिका करायची. सहा महिन्यांत ती निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. नाथद्वाऱ्याचा वाद याच प्रदत्त मतांवरून २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात होता, म्हणजे पाच वर्षांच्या मुदतीतली दोन वर्षे तेव्हा उलटून गेली होती.

फरक पाहून तपासणी करायची, हे तत्त्व निवडणूक आयोगाला मान्य नाही असेही नाही. विजयाचा फरक बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल, तर बाद ठरवलेली सगळी टपाली मते निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने पुन्हा पाहावीत आणि त्याचे चित्रीकरण व्हावे, असा आयोगाचाच निर्देश आहे. मग फरक प्रदत्त मतांपेक्षा कमी असेल तेव्हा निकाल जाहीर करण्याआधी ती पाकिटे का उघडू नयेत? फेरमोजणीचेही तसेच. आपल्याकडे फेरमोजणी लेखी मागावी लागते आणि ती द्यायची की नाही हे अधिकारी ठरवतो. फरक ४८ चा असो की ४८ हजारांचा, नियम एकच. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात एक टक्क्याच्या आत हरलेल्या उमेदवाराला फेरमोजणीचा हक्कच असतो. तिथल्या ९४ व्या मतदारसंघात २०१७ मध्ये दोन्ही उमेदवारांना ११,६०८ मते पडली, चिठ्ठी काढावी लागली आणि त्या एका चिठ्ठीने विधानसभागृहातले बहुमत ५१-४९ असे राहिले. चिठ्ठी आपल्या कायद्यातही आहे. पण तिथे दोघे फेरमोजणीतून जाऊन मग चिठ्ठीपाशी पोचले.

यावर एक हरकत खरी आहे. आधी पडलेले खोटे मत यंत्रातून वेगळे काढता येत नाही. त्यामुळे प्रदत्त मत धरले तर एका नावावर दोन मते होतील. शिवाय फरक थोडा राहणार असा अंदाज आला की पक्षांचे कार्यकर्ते मुद्दाम अशी मते तयार करतील, हीही भीती आहे. दुसरीला उत्तर मतदान नोंदवहीत मिळेल : आधीची सही आणि नंतरची सही समोरासमोर ठेवून पाहता येते. पहिलीला सोपे उत्तर माझ्याकडे नाही. पण आज तोतयाचे मत मोजले जाते आणि खऱ्या मतदाराचे पाकिटात राहते. याहून वाईट व्यवस्था कोणती असेल?

नियम बदलणे आपल्या हातात नाही, हे मला कळते. पण एक गोष्ट आपले वार्ताहर उद्याही करू शकतात. प्रत्येक मतदारसंघाचा अंतिम निकाल ‘नमुना २०’ मध्ये मतदान केंद्रवार भरला जातो आणि तो मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. त्यात वैध मते, बाद मते, ‘नोटा’ आणि एकूण यांच्यानंतर प्रदत्त मतांचा रकाना असतो. पाचशेच्या आत निकाल लागलेल्या जागांचा तक्ता आपण छापताच. पुढच्या वेळी विजयाच्या फरकाशेजारी त्या रकान्याची बेरीजही द्यावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक