फ्रीवेखालच्या लोकांचंही ऐका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ईस्टर्न फ्रीवे जिथे संपतो त्या ऑरेंज गेटपासून मरीन ड्राइव्हपर्यंतच्या बोगद्याच्या बातम्या वाचतोय, चांगलंच आहे, पण प्रत्येक बातमीत ईस्टर्न फ्रीवे म्हणजे चेंबूरहून फोर्टला झटपट पोचायचा रस्ता एवढंच असतं, मधल्या भागाचं कुणी नावच काढत नाही. मी शिवडीचा, आमच्याच डोक्यावरून तो जातो म्हणून दोन शब्द.

या रस्त्याची कल्पना जुनी, साठच्या दशकात विल्बर स्मिथ या अमेरिकन सल्लागार कंपनीच्या अहवालात मुंबईसाठी असे मोठे रस्ते सुचवलेले. नंतर इतकी वर्षं नुसतं कागदावर. प्रत्यक्ष काम २००८ मध्ये सुरू झालं आणि जून २०१३ मध्ये ऑरेंज गेट ते पांजरापोळ रस्ता खुला झाला, पुढचा घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडपर्यंतचा तुकडा २०१४ मध्ये. एकूण साधारण १७ किलोमीटर, त्यातले नऊ-साडेनऊ पी. डि'मेलो रोड ते आणिक असे खांबांवर. इथूनच का नेला, तर जमीन बरीचशी पोर्ट ट्रस्टची, बंदराच्या मालगाडीच्या रुळांशेजारून खांब उभे करता आले, दाट वस्ती फोडावी लागली नाही. आणिक-पांजरापोळला मात्र झोपड्या हलवायच्या होत्या आणि तिथेच काम रखडलं. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राजवळच्या डोंगरातून जोडबोगदा काढला.

वरून गाडीतून बघा, दारुखान्याचे (जुनी जहाजं तोडतात तो भाग) पत्रे, रे रोडची गोदामं, कॉटन ग्रीन (कापूस आता फक्त नावात उरलाय), मग तेलाच्या टाक्या, थंडीत शिवडीच्या चिखलात फ्लेमिंगो पण दिसतात, आणि माहुलच्या बाजूला वळलात की काच खाली करू नका, रिफायनऱ्यांचा वास येतो. आमच्या भागात राबणारा माणूस सायकल नाहीतर बाइकवर, आणि बाइक-रिक्षाला फ्रीवेवर बंदी. कंटेनर-ट्रेलर पण खालूनच. म्हणजे धूळ, हॉर्न, खड्डे आमच्याकडे आणि वरच्यांना वीस मिनिटांत फोर्ट.

फ्रीवे नको असं मी म्हणत नाही हं, माझा मुलगा त्यावरूनच कॅबने ऑफिसला जातो. माझी तक्रार एका पाइपची आहे. वरचं पावसाचं पाणी खाली आणायला खांबांना पाइप लावलेत, आमच्या बसस्टॉपजवळच्या खांबाचा पाइप कंबरेएवढ्या उंचीवर तुटलाय आणि जोराचा पाऊस आला की फ्रीवेवरचं सगळं काळं पाणी धबधब्यासारखं थेट फुटपाथवर. शाळेतली पोरं दप्तर डोक्यावर घेऊन भर ट्रेलरमधून रस्त्यावर उतरतात. दोन पावसाळे अर्ज देतोय, एक ऑफिस म्हणतं खांब आमचा नाही, दुसरं म्हणतं फुटपाथ आमचा नाही.

बोगद्याचं काम चालू आहे तोवर एक चार फुटाचा पाइप तेवढा बसवून द्या.

आपला,
एक वाचक, शिवडी