आजीच्या फोनच्या दिव्याबद्दल
चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास तेव्हा माझं बोलणं अर्धंच राहिलं होतं. ते आता लिहून कळवते, म्हणजे मध्येच "आई, तुला सगळ्याचीच भीती वाटते" असं ऐकावं लागणार नाही. ताई बरी आहे. बाळ दिवसा झोपतं आणि रात्री आम्हाला जागवतं, म्हणून पत्राला वेळ मिळतोय.

आधी चांगलं सांगते. आजीला रिंग ऐकू येत नाही, म्हणून फोन वाजला की दिवा लावणारी डबी तू करतो आहेस, तिची आकृती मी नीट पाहिली. फोनच्या लाइनवरून कपॅसिटर, मग रेझिस्टर, मग तारेऐवजी उजेडाने निरोप पलीकडे नेणारा ऑप्टोकप्लर, आणि त्याच्या आतल्या एलईडीला उलटा जोडलेला डायोड. तो उलटा डायोड तुला कुणी सांगितला? भल्याभल्यांकडून राहून जातो तो. रिंग म्हणजे एसी. करंटला परतीची वाट मिळाली नाही तर कपॅसिटर एका बाजूने भरून बसतो आणि पुढे काहीच होत नाही. मी लगेच आकृती ताईला नेऊन दाखवली. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण मला कुणाला तरी दाखवायचीच होती.

एक बदल कर. कपॅसिटर तू 100 व्होल्टचा लिहिला आहेस, तो 250चा घे. रिसीव्हर खाली असताना लाइनवर 48 व्होल्ट डीसी असतातच. रिंग आली की त्यावर 90 व्होल्टपर्यंत एसी चढतो, आणि 90चं शिखर 127 पर्यंत जातं. बेरीज 175. बाकी 0.47 मायक्रोफॅरड ठीक, 10 किलोओहमही ठीक, फक्त अर्ध्या वॉटचा घे. कपॅसिटरवर एवढं बोलते कारण सगळी मदार त्याच्यावर आहे. रिसीव्हर उचलला हे एक्स्चेंजला डीसी वाहू लागल्यावरूनच कळतं. तुझ्या डबीतून डीसी गेला तर फोन कायम उचललेला दिसेल आणि आजीला कुणाचाच फोन लागणार नाही. म्हणून डबी जोडण्याआधी आणि जोडल्यावर, दोन्ही वेळा मीटर लावून बघ. आकडा जागचा हलता कामा नये.

आता दिवा. रिलेचा स्विच लावून छताचा बल्ब पेटवायचं तुझ्या मनात आहे. ते नको, मंदार. मेन्सला, म्हणजे घरातल्या विजेच्या लाइनला, हात लावू नकोस. तुझं म्हणणं मला समजतं, भर दुपारी एवढासा एलईडी आजीला दिसणार नाही. पण ती खिडकीकडे तोंड करून बसते आणि फोन तिच्या पाठीशी आहे. छताचा बल्ब तरी तिला कुठे दिसणार? खिडकीच्या चौकटीला 12 व्होल्टची एलईडी पट्टी लाव आणि ती तयार अडॅप्टरवर चालव. रिंग दोन-दोन सेकंद थांबून येते, त्या तालावर पट्टी लागू-विझू दे. सतत जळणाऱ्या दिव्यापेक्षा लुकलुकणारा डोळ्यांत लवकर भरतो. आउटपुटला 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पुरे, रिंगची 20-25 हर्ट्झची थरथर तेवढ्याने जाते. जास्त मोठा घातलास तर ताल बुजेल.

ऑप्टोकप्लर हजारो व्होल्ट अडवतो, हे तू काल ऐकवलंस. अडवतो, पण आतल्या आत. बोर्डाच्या खालून सोल्डरचा एक थेंब फोनकडच्या 1-2 नंबरच्या पायांकडून दिव्याकडच्या 4-5-6 कडे ओघळला, की तो असून नसल्यासारखा. ऑप्टोकप्लरच्या पोटाखालची पट्टी रिकामी ठेव, तिथून एकही तार नेऊ नकोस. दिव्याच्या बाजूला मेन्स असला तर? बघ, परत तिथेच आले मी.

आमच्या एका लाइनमनला शिडीवर असताना, फोनच्या तारांची जोडी हातात धरलेली असतानाच रिंग आली. झटक्याने हात सुटला आणि तो खाली पडला. तेव्हा सोल्डरिंग करताना लाइन भिंतीतून काढून ठेव. आभाळ गडगडत असेल तर त्या दिवशी काम बंद. हे तुला माहीत आहे. तरी लिहिलं, रागावू नकोस.

तू सहा-सात वर्षांचा असशील. बाबांनी फोनच्या चकतीला छोटं कुलूप लावलं होतं, तुझ्यामुळेच. एक दिवस ऑफिसात माझ्या टेबलावरचा फोन वाजला. उचलला तर तू. "आई, मी चकती न फिरवताच फोन लावला!" रिसीव्हर ठेवायच्या खटक्यावर बोटाने टकटक करून तू नंबर लावला होतास. पाचला पाच टकटक, शून्याला दहा, आणि प्रत्येक आकड्यानंतर जरा थांबायचं. ते थांबणं तुला कसं सुचलं, हे मला आजही कळलेलं नाही. वरवर मी रागावले. फोन ठेवल्यावर सगळ्या खोलीला सांगितलं. त्या दिवसापासून तुझ्या हाताबद्दल मला शंका नाही. कालच्या बोलण्यावरून तुला तसं वाटलं असेल तर ते मनातून काढून टाक.

शंका नाही, मग भीती कसली, असं तू विचारशील. तू हे रात्री, ऑफिसातून आल्यावर, दमलेला असताना करणार. घरात दुसरं कोण आहे? आजी. तुला काही झालं, तू ओरडलास, तर तिला ऐकू जाणार नाही. ती पलीकडच्या खोलीत बसलेली असेल आणि तिला कळणारही नाही. मी इथे, मला कोण सांगणार? काल हेच बोलायचं होतं, ते तोंडातून निघालं नाही आणि मी रिलेवरच वाद घालत बसले.

तिच्यासाठी हे करायचं तुला आपणहून सुचलं. परवा मी चार वेळा फोन केला आणि तिने उचलला नाही, तेव्हा माझी काय अवस्था झाली ते ताईला विचार. दिवा हवाच आहे, लवकर हवा आहे.

लाइनला जोडण्याआधी बोर्डाच्या खालच्या बाजूचा फोटो पाठव, जवळून आणि उजेडात. मी बघून कळवते. मग रविवारी सकाळी, तू घरी असताना, मी इथून रिंग देईन. तू उचलू नकोस, तिलाच उठू दे.

तुझी,
आई

ता. क. अडॅप्टर बाबांच्या पेटीत आहे, जुन्या रेडिओचा. 12 व्होल्टचा आहे का आणि प्लस आतल्या बाजूला आहे का ते मीटरने बघून मगच लाव. चालला नाही तर नवा आण, तो उघडून दुरुस्त करत बसू नकोस. त्यातही मेन्स असतो.