थ्रीडी चित्र राहू द्या, सळ्यांचं ड्रॉइंग दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या प्रॉपर्टी पुरवणीत पानंच्या पानं भरून बिल्डिंगची थ्रीडी चित्रं येतात, निळंशार आकाश, खाली लॉन, बाल्कनीत कॉफी पिणारं जोडपं. दिसतात छान, त्याबद्दल तक्रार नाही, पण त्या चित्रावरून साधी एक वीटसुद्धा लावता येत नाही हे कोणीतरी बोलायला पाहिजे ना, म्हणून हे पत्र. मी आयटीआयचा ड्राफ्ट्समन, ट्रेसिंग पेपरवर रोट्रिंग पेनने रेघा मारायच्या आणि ब्लेडने खरवडायच्या त्या काळातला, पुढे ऑटोकॅडवर आलो.

फ्लॅट घेणारे लोक विचारतात, प्लॅन सँक्शन आहे ना? आहे म्हटलं की विषय संपला. अहो पण सँक्शन प्लॅन असतो नगरपालिकेसाठी, मार्जिन किती सोडलं, एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम चालतं तो आकडा) किती वापरला, पार्किंग, जिना बसतो का, एवढं बघायला. त्यात सळ्या नसतात. बिल्डिंग उभी राहते ती दुसऱ्याच कागदांवर. आधी सेंटरलाईन ड्रॉइंग (खांब-भिंतींच्या मध्यरेषांचं), त्यावरून लाईनआउट, म्हणजे जमिनीवर आखणी, मग फुटिंग म्हणजे पाया, कॉलम, बीम, स्लॅबचं स्टील, त्यानंतर प्लंबिंग, लाईट वगैरे. हे कागद फ्लॅटवाल्याला जन्मात दिसत नाहीत.

आणि त्यात एकेका रेघेला किंमत असते. दोन बीमच्या मधल्या स्लॅबला मधोमध मेन स्टील खालच्या बाजूला लागतं, पण बाहेर काढलेल्या बाल्कनीला किंवा छज्जाला तेच वरच्या बाजूला लागतं कारण तिथे ताण वर येतो. ड्रॉइंगमध्ये फरक काय, तर एक रेघ खाली न काढता वर काढली. साईटवर काँक्रीट ओतताना माणसं त्या सळ्यांवरून चालतात, खाली चेअर, म्हणजे सळ्या उचलून धरणारे टेकू, नीट लावल्या नसतील तर स्टील दबून तळाला जातं, वरून फिनिशिंग झकास. तसंच ८ एमएमच्या सळ्या १५० वर लिहिल्यात, म्हणजे दोन सळ्यांत १५० एमएम अंतर, आणि फिटरने २०० वर बांधल्या तर पाव स्टील गायब, आणि काँक्रीट पडल्यावर कोणाला दिसणार?

ड्रॉइंगमधला छोटासा बदल काय करू शकतो याचं अमेरिकेतलं उदाहरण सिव्हिलच्या पोरांना शिकवतात. कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात लॉबीवर एकाखाली एक दोन पूल छताला टांगले होते. मूळ ड्रॉइंगमध्ये छतापासून खालच्या पुलापर्यंत अखंड रॉड होते. बनवायला अवघड म्हणून प्रत्येक रॉडचे दोन तुकडे केले, एक छतापासून वरच्या पुलापर्यंत आणि दुसरा वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. कागदावर बघायला गेलं तर काहीच नाही. पण आधी वरच्या पुलाच्या नटवर फक्त त्या पुलाचं वजन येणार होतं, आता दोन्ही पुलांचं आलं, म्हणजे दुप्पट. (मूळ डिटेलसुद्धा तिथल्या नियमात बसत नव्हतं, ते वेगळंच.) बदललेल्या शॉप ड्रॉइंगवर (कारखान्यात बनवायच्या ड्रॉइंगवर) इंजिनिअरचा शिक्का पडला आणि १७ जुलै १९८१ ला दोन्ही पूल कोसळले, ११४ माणसं गेली.

आपल्याकडे आता रिव्हिजन, म्हणजे सुधारलेलं ड्रॉइंग, व्हॉट्सअॅपवर येतं. साईट ऑफिसच्या भिंतीला आर झिरोची, म्हणजे सगळ्यात पहिली, घामाने भिजलेली प्रिंट, सुपरवायझरच्या मोबाईलमध्ये दोनदा बदललेल्या आर टूची पीडीएफ, आणि फिटर बिचारा झूम करून करून बघतोय की हा आकडा ३ आहे का ८. प्लंबिंगचं आणि आरसीसीचं (सळ्या-काँक्रीटचं) ड्रॉइंग एकावर एक ठेवून कोणी बघितलेलं नसतं, त्यामुळे संडासचा पाईप जिथे उतरायचा नेमका तिथेच बीम येतो आणि मग ब्रेकर घेऊन बीमच फोडतात!! बाहेरून प्लास्टर मारलं की झाकलं. जुने मिस्त्री सांगायचे, प्रिंटवर पट्टी लावून माप काढायचं नाही, लिहिलेलं माप धरायचं, शंका आली तर काम थांबवून विचारायचं. आता थांबायला कोणाला टाइम आहे.

भोपाळजवळ भोजपूरला गेलात तर महादेवाच्या पिंडीबरोबर देवळाच्या आसपासचे खडक पण बघून या. राजा भोजाच्या काळातलं, अकराव्या शतकातलं देऊळ, अर्धवटच राहिलं, पण खडकांवर खांबांची, शिखराची, मंदिराच्या भागांची ड्रॉइंग कोरलेली आहेत. बांधायचं काय होतं ते हजार वर्षांनी सुद्धा कळतं. आणि आपल्या १९९५ सालच्या सोसायटीच्या बीममध्ये किती सळ्या आहेत ते मात्र कोणालाच माहीत नाही!

हे मी चेष्टेने लिहीत नाहीये. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगचं दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. ऑडिटर आला की पहिलं विचारतो, ड्रॉइंग आहेत का? सेक्रेटरी कपाटातून सँक्शन प्लॅनची पिवळी पडलेली झेरॉक्स काढतो. मग स्कॅनर लावून सळ्या शोधा, कुठे कुठे फोडून बघा, काँक्रीटचे कोअर, म्हणजे गोल नमुने, काढा, आणि सगळा खर्च मेंबरांच्या डोक्यावर. २०१६ च्या रेरा कायद्यात कलम १७ आहे, बिल्डरने आवश्यक कागदपत्रं आणि प्लॅन सोसायटीच्या ताब्यात द्यायचे. पण त्यात स्ट्रक्चरल ड्रॉइंग असं नाव घेऊन म्हटलेलं नाही, म्हणून बरेच जण सँक्शन प्लॅन आणि लिफ्टचं लायसन्स देऊन मोकळे होतात, आणि कमिटी पण सही करून घेते.

माझं म्हणणं एवढंच की नवीन कमिट्यांनी ताबा घेताना आरसीसीचा पूर्ण सेट मागावा, शेवटच्या रिव्हिजनचा, आणि साईटवर जे बदललं ते दाखवणारा अॅज बिल्ट सेट सुद्धा. प्रिंट पण घ्या आणि पीडीएफ पण. प्लंबिंगचा विसरू नका, गळती निघाली की तोच लागतो. आणि तुम्हाला विनंती, पुरवणीत थ्रीडी चित्रांच्या शेजारी महिन्यातून एकदा तरी एका कॉलमची जागा द्या, त्यात खरं वर्किंग ड्रॉइंग छापा आणि ते वाचायचं कसं ते सांगा. लिहायला माणूस मिळाला नाही तर मी आहे, मानधन नको.

आपला,
एक जुना ड्राफ्ट्समन, नाशिक