आप्पांच्या मोतीबिंदूबद्दल, जरा लांबलेलं पत्र

प्रिय दोस्ता,

काल फोनवर आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय म्हणालास आणि लेन्स कुठली घालायची ते तुलाच विचारायलेत म्हणालास, तेवढ्यात रेंज गेली, म्हणून लिहितोय, लांबेल जरा पण सगळं वाच.

देशी की इंपोर्टेड, स्वस्त की महाग हे नंतर. आधी डॉक्टरांना सांग की आप्पा बेळगावच्या वडगावात अजून विणायला मागावर बसतात. तुटलेला धागा हुडकून गाठ मारायची म्हणजे नजर हातभर अंतरावर लागते. साधी मोनोफोकल लेन्स असते ती एकाच अंतराला स्पष्ट दाखवते, आणि कुणी काही बोललं नाही तर बहुतेक लांबच्याच हिशोबानं घालतात, मग जवळच्याला चष्मा. आप्पांना हवं तर जवळच्या हिशोबानंही नंबर धरता येतो, मग रस्त्यावर चष्मा लागेल, पण काय चालेल ते त्यांनी ठरवायचं की, आपण नाही. तू एक कर, ते मागावर बसले की डोळ्यापासून धाग्यापर्यंतचं अंतर सुतळीनं मोज आणि किती सेंटिमीटर भरलं ते कागदावर लिहून ने.

एवढं जीव तोडून का सांगतोय तर आमच्या आईला असं कुणी विचारलंच नाही. पट्टी काढली, तक्त्यावरची बारीक ओळ तिनं वाचली, सगळे खूष. येळ्ळूरला आल्यावर परड्यात उभी राहून राजहंसगडाची तटबंदी दिसायली म्हणून ती पण खूष. मग सुपात तांदूळ घेऊन निवडायला बसली आणि खडा काय दिसेना. बोटानं चाचपायची, सूप उजेडाकडं धरायची, लांब धरायची. "गड दिसतोय आणि हातातला खडा दिसेना, कसलं ऑपरेशन केलासा?" कागदावर ऑपरेशन एकदम यशस्वी, आणि बाई जेवताना बोलेना. डोळा स्थिरावल्यावर महिना-दीड महिन्यानं जवळचा चष्मा मिळाला तेव्हा कुठं तिचा चेहरा उतरायचा थांबला. हे आधी दोन मिनिटं बसून सांगितलं असतं तर म्हाताऱ्या माणसाला एवढे दिवस घोर लागला नसता, मला याचं अजून वाईट वाटतं.

मल्टिफोकल, म्हणजे एकापेक्षा जास्त अंतरांना दाखवणाऱ्या लेन्सबद्दल पण विचारलास. चष्मा कमी लागतो हे खरं, पण रात्री दिव्याभोवती वलयं दिसतात काहींना, अंधुक उजेडात धार कमी वाटते, आणि पडद्याला, म्हणजे रेटिनाला, काही झालेलं असेल तर ती घालू नये असंच सांगतात. आप्पांना शुगर आहे, त्यामुळं पडदा आधी तपासून घ्या. पडदाच खराब असेल तर लेन्स कितीही भारी घातली तरी नजर तेवढीच येणार, आणि हे नंतर कळलं की माणूस डॉक्टरवर चिडतो. लघवीच्या त्रासाची टॅम्सुलोसिन गोळी चालू असेल तर तेही सांगा, तिच्यामुळं ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट मोठी होत नाही, डॉक्टरांना आधी माहीत असलं की ते तयारीत राहतात.

"मोतीबिंदू पिकू दे" म्हणणारे गल्लीत भेटतीलच, ऐकू नको. काम अडायला लागलं की करायचं, फार पिकून कडक झाला की काढायलाच अवघड. आणि डोळ्यात प्लास्टिक नको म्हणून आप्पा अडून बसले तर त्यांना रिडलेची गोष्ट सांग. महायुद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे ॲक्रिलिक प्लास्टिकचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात घुसले होते आणि डोळा ते सोसत होता, हे त्या इंग्रज डॉक्टरनं बघितलं आणि १९४९ ला लंडनमध्ये तसल्याच प्लास्टिकची पहिली लेन्स घातली.

एका डोळ्याचं झालं आणि दुसऱ्याचं राहिलं की मधले दिवस विचित्र जातात. आई वाटीतलं दूध एकेक डोळा झाकून बघायची, नव्या डोळ्यानं म्हशीचं, जुन्यानं गाईचं म्हणायची, कारण मोतीबिंदू झालेली डोळ्याची मूळ लेन्स पिवळी पडलेली असते. अंदाज पण चुकतो, पायरी उतरताना हात धरा.

थेंबांची चिठ्ठी इंग्रजी-कन्नडमध्ये मिळाली तर आप्पांच्या भरवशावर ठेवू नको. आम्ही एका बाटलीला लाल दोरा बांधला, दुसरीला काही नाही, दोन थेंबांत पाच मिनिटं सोडायची. थोडं खुपल्यासारखं, कोरडं वाटतं, ते होतं. पण दुखायला लागलं, लाली वाढली, नजर कमी झाली तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री असलं तरी न्यायचं. आणि वर्षा-दोन वर्षांनी परत धूसर झालं तर मोतीबिंदू परत आला म्हणून घाबरू नका, नव्या लेन्सच्या मागची पातळ पिशवी गढूळ होते (रेटिनाचा पडदा नव्हे), यॅग लेसरनं काही मिनिटांत साफ होते.

डोळ्याची मापं घ्यायला कधी बोलावलंय ते कळव. तुला पुण्याहून यायला जमलं नाही तर मी गाडी घेऊन वडगावला जातो, सुतळीचं माप तेवढं आधी काढून ठेव म्हणावं वहिनीला.

तुझाच