जालना रोडवर ट्रॉलीबस कामून नको?

संपादक साहेब, नमस्कार.

मी जालन्याहून चिकलठाणा एमआयडीसीला रोज अप-डाउन करणारा माणूस. मागच्या आठवड्यात घरी येताना इलेक्ट्रिक बस मिळाली म्हणून खुश होतो, करमाडच्या पुढं ड्रायव्हर म्हणे चार्जिंग कमी राहिलंय एसी बंद करतो, मग काय, खिडक्या उघडत नाहीत अन् बदनापूर येईपर्यंत सगळी बस घामाघूम. मागच्या सीटवरची आजी म्हणली यापरीस लाल डब्बा बरा होता बाबा, वारं तरी लागायचं.

आमच्या शेजारचं पोरगं डॉक्टरकी शिकायला काळ्या समुद्राकडच्या क्रिमियात, सिम्फेरोपोल शहरात होतं (आपल्याकडची लई पोरं तिकडं गेलेली). ते सांगायचं की तिथून समुद्रकाठच्या याल्टा गावाला ट्रॉलीबस जाते, ८६ किलोमीटर. मला वाटलं थापा मारतंय, पण खरंय, जगातली सगळ्यात लांब ट्रॉलीबस लाइन तीच. १९५९ ला मधल्या अलुश्ता गावापर्यंत झाली, १९६१ ला याल्टापर्यंत गेली अन् मधी साडेसातशे मीटर उंचीचा घाट आहे. आपलं संभाजीनगर ते जालना साठेक किलोमीटर, तेबी सपाट.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो, ट्रॉलीबस म्हणजे रबरी टायरचीच बस, टपावर दोन लांब दांड्या अन् त्या वरच्या तारांना टेकलेल्या. रेल्वेला वर एकच तार पुरते कारण करंट रुळातून परत जातो, बसला रूळ नाहीत म्हणून तारा दोन. चार्जिंगला थांबायची भानगड नाही अन् उतारावर ब्रेक मारला की तीच मोटर उलटी वीज तयार करते. मुंबईत बेस्टनं १९६२ ला गवालिया टँक ते माझगाव डॉक अशी चालवली होती, १९७१ ला बंद केली. तेव्हा तार संपली की बस संपली, वाटेत खोदकाम निघालं तर बाजूनं जायची सोय नाही.

आता तसं राहिलं नाही. युरोपातल्या प्राग शहरानं १९७२ ला ट्रॉलीबस मोडीत काढली होती, त्यानंच आता परत आणली, २०२४ पासून विमानतळाला जाते. बसमध्ये छोटी बॅटरी असते, तारेखाली पळता पळता ती चार्ज होते, तार संपली की दांड्या खाली अन् पुढं बॅटरीवर. म्हणजे आपल्याकडं मोंढा नाका, सिडकोच्या उड्डाणपुलांवर तारांचा जंजाळ करायची गरजच नाही, शेंद्र्यापासून बदनापूरपर्यंतच्या मोकळ्या रस्त्यावर तार टाकली तरी दोन्हीकडच्या गावात बॅटरीवर भागतं. अन् भली मोठी जड बॅटरी उरावर घेऊन फिरण्यापेक्षा हे हलकं काम नाही का?

लोक म्हणतील वीज कुठंय, परळीचं थर्मल २०१५ ला पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं. अहो पण बॅटरीवाली बस काय उसाच्या रसावर चालते? वीज तिलाबी लागतेच की. ३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून वंदे भारत सुटली ती विजेच्या तारेवरच ना, मग तशीच तार जालना रोडवर आली तर काय बिघडतं.

अडचणी आहेत, नाही म्हणत नाही. पहिली चोरीची. आपल्याकडं विहिरीवरच्या मोटरची केबल एका रात्रीत गायब होते, इथं तर तांब्याची तार किलोमीटरच्या किलोमीटर. करंट चालू असताना कुणी हात लावायचा नाही पण रात्री लाइन बंद केली की राखण लागणारच. दुसरं म्हणजे कापसाच्या गाड्या, वर दुमजली घर बांधल्यासारख्या भरतात, त्यांना कोण अडवणार ते आरटीओनंच सांगावं. संक्रांतीचा मांजा तर वेगळाच.

खर्चाचं मला कळत नाही, मी फिटर माणूस. पण डेपोत चार्जरपाशी लाइन लावून उभ्या राहिलेल्या बस रोज बघतो, तेवढा वेळ गाडी फिरत नाही म्हणजे तोबी खर्चच ना. एसटीची पहिली बस १९४८ च्या १ जूनला पुणे-नगर धावली, इलेक्ट्रिक शिवाई २०२२ ला त्याच तारखेला त्याच रोडवर काढली. तिकडं दोनदा झालं, एकदा नवीन काही काढायचं असेल तर जालना रोडचाबी सर्व्हे करा एवढंच म्हणणं आहे, अन् तोपर्यंत त्या एसी बसच्या दोन-चार खिडक्या तरी उघडतील अशा करून द्या.

आपला,
रोजचा अप-डाउनवाला, जालना